माडाचा जीव शेंड्यात



नारळाच्या झाडाला कल्पवृक्ष म्हणतात हे आपण तिसरीपासून निबंधात लिहीत आलो आहोत. नारळाचे खोबरे होते, सोडणाचा काथ्या होतो, हिरांचा खराटा होतो, झावळ्यांचे झाप विणतात, करवंटीची पळी होते. हे सगळे खरेच आहे. परंतु माड आपल्याला काय देतो हे आपण दर वर्षी लिहितो आणि माडाला आपल्याकडून काय लागते हे मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकासाठी मी तो विषय घेतला आहे. यातले काही आजोबांनी सांगितलेले आहे, काही कृषी सहाय्यकांनी शाळेत येऊन सांगितलेले आहे, आणि काही मी आमच्या आगरात स्वतः पाहिलेले आहे. लेख जरा लांब झाला आहे. उभे राहून पाय दुखले तर अर्धा आज वाचा, अर्धा उद्या. तो काही भिंतीवरून पळून जाणार नाही!

माड इतर झाडांपेक्षा निराळा कसा?

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव कुठे असतो? लांब कुठेतरी पिंजऱ्यातल्या पोपटात. पोपटाची मान मुरगळली की इकडे एवढा मोठा राक्षस धाडकन कोसळतो. माडाचे तसेच आहे. चाळीस-पन्नास फूट उंच वाढतो, वाऱ्यावर डोलतो, पण त्याचा सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात असतो.

आंब्याची फांदी तुटली तर बाजूने दुसरी फुटते. शेवगा छाटला की उलट जास्तच फुटतो. जास्वंदीची काडी खोवली तरी रुजते. कारण या झाडांना जागोजागी डोळे असतात. एक डोळा गेला की दुसरा जागा होतो. माडाला असा दुसरा डोळा नाही. झावळ्यांच्या अगदी मधोमध, देठांच्या आड, एक पांढरा कोवळा कोंब असतो. महिन्याला साधारण एक, म्हणजे वर्षाला बाराएक झावळ्या याच कोंबातून बाहेर पडतात. झावळी आधी मिटलेल्या सुईसारखी सरळ वर येते आणि मग हळूहळू उलगडते. पुढे त्या झावळीच्या बेचक्यात पोय येते. पोय फुटल्यापासून नारळ पुरता पिकायला सुमारे बारा महिने लागतात. म्हणून चांगल्या माडावर कोवळ्या बोंडापासून सुक्या नारळापर्यंत सगळ्या वयाची भावंडे एकाच वेळी बघायला मिळतात. आपण पितो ते शहाळे म्हणजे त्यातले सातव्या महिन्याच्या आसपासचे भावंड, बरं का!

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. आज जी पोय फुटलेली दिसते, तिची सुरुवात कोंबाच्या पोटात सुमारे ३२ महिन्यांपूर्वी झालेली असते. त्यात नारळ पिकायचे १२ महिने मिळवा. झाले ४४ महिने, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त! एवढा सगळा पुढचा संसार त्या कोंबात आधीच मांडलेला असतो. यंदाच्या उन्हाळ्यात माड तहानलेला राहिला तर त्याची झळ पुढच्या दोन-तीन वर्षांच्या नारळांना लागते. आमच्या आजोबांना कोणी विचारले, “यंदा नारळ कमी का धरले?” तर ते म्हणतात, “यंदाचं काय विचारतोस, तीन वर्षांमागं पाणी घातलं होतंस का ते सांग.”

माडाच्या खोडाचीही तऱ्हा वेगळी. आंब्याचे खोड दर वर्षी जाड होत जाते आणि त्याला जखम झाली तर कडेने वाढून ती हळूहळू बुजते. माडाचे खोड एकदा तयार झाले की पुढे आंब्यासारखे जाड होत नाही, आणि त्याची जखम बुजत नाही. कोयत्याचा घाव किंवा खिळ्याचे भोक जन्मभर तसेच राहते.

आज घरी गेल्यावर एक प्रयोग करा. खोडावर ज्या वळ्या दिसतात, त्यातली एकेक वळी म्हणजे गळून गेलेल्या झावळीची खूण. अंदाजे बारा वळ्यांचे एक वर्ष. खाली जमिनीपासून मोजत जा. सुरुवातीची चार-पाच वर्षे माडाला खोड दिसत नाही, ती त्यात मिळवा. म्हणजे तुमच्या माडाचे वय ढोबळ मानाने कळेल. घरातल्या मोठ्यांना विचारून ताळा करून पाहा.

निसर्ग वादळाने काय दाखवले

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड जिल्ह्यात आणि आपल्या दापोली-मंडणगड बाजूला नारळ, पोफळ आणि आंब्याची किती झाडे पडली ते पालकांना मी सांगायला नको. मी तेव्हा दुसरीत होते. कौले उडाल्याचा आवाज मला अजून आठवतो.

आमच्या आगरात चौदा माड होते. त्यातले सहा मुळासकट आडवे झाले आणि तीन मधोमध मोडले. पाच उभे राहिले. सगळे म्हणाले, “पाच तरी वाचले म्हणायचे.” पण आजोबा दुसऱ्या दिवशी प्रत्येक माडाखाली उभे राहून नुसते वर बघत होते. दोन माडांच्या झावळ्या पुष्कळ शाबूत होत्या, पण शेंडा पिळल्यासारखा मुरगळलेला होता. तिसऱ्या एका माडाच्या झावळ्या जवळजवळ सगळ्या गेल्या होत्या, नुसता खांब राहिला होता. मात्र त्याची मधली सुई ताठ होती. शेजारचे काका म्हणाले, “हा खांब तोडून टाका, वाशाला तरी होईल.” आजोबा म्हणाले, “थांबा. ह्याचा जीव आहे. त्या दोघांचा गेलाय.”

तसेच झाले. झावळ्या असलेले ते दोन माड दिवाळीपर्यंत वाळले. आणि नुसता खांब दिसत होता त्याला महिन्याला एक याप्रमाणे झावळ्या फुटत गेल्या. तीन वर्षांनी त्याला पुन्हा नारळ धरले. गणपतीत आम्ही त्याच माडाचा नारळ ठेवतो.

माड जगणार की मरणार हे झावळ्यांच्या संख्येवर नसते, मधल्या सुईवर असते. हे ज्याला कळले त्याला माडाची निम्मी निगा कळली.

रोप कसे निवडावे

माड लावताना घाई करून चालत नाही. आपल्याकडची उंच वाढणारी बाणवली जात साधारण सहा ते आठ वर्षांनी फळते आणि ८० ते १०० वर्षे जगते. चांगली निगा असली तर तिला वर्षाला ८० ते १०० नारळ लागतात. ठेंगू जाती तीन-चार वर्षांत फळतात, पण त्यांचे आयुष्य कमी असते. उंच आणि ठेंगू यांचा संकर करूनही जाती काढलेल्या आहेत. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. तिथे निवडलेली प्रताप ही जात आपल्या कोकणासाठीच आहे. आता हे केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले.

चुकीचे रोप लावले तर ते कळायला सात-आठ वर्षे जातात. मी आज लावलेला बाणवली माड मी कॉलेजात जाईन तेव्हा फळणार! म्हणून रोप घेताना हे बघावे :

१. रोप नऊ ते बारा महिन्यांचे असावे.
२. त्याला पाच-सहा पाने असावीत आणि बुंधा आखूड पण जाड असावा. उंच आणि किडकिडीत रोप घेऊ नये.
३. ज्या नारळाला लवकर मोड आला त्याचे रोप जोमदार निघते. मागाहून रडतखडत रुजलेले नको.
४. घरचा नारळ रुजत घालायचा असेल तर दर वर्षी भरपूर धरणाऱ्या, वयाने वीस वर्षांच्या पुढच्या माडाचा पुरता पिकलेला नारळ घ्यावा. हलवून बघावा, आत पाणी वाजले पाहिजे.

कुठे आणि कसे लावावे

माडाला ऊन पाहिजे. मोठ्या आंब्या-फणसाच्या सावलीत लावलेला माड उजेडाकडे वाकत जातो आणि कमी फळतो. दोन माडांत २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर अंतर ठेवावे. परसदारी लावायचा असेल तर घराचे छप्पर, रस्ता आणि विजेच्या तारा यांपासून पंधरा-वीस फूट लांब लावावा. रोप गुडघ्याएवढे असते तेव्हा हे लक्षात येत नाही. पुढे नारळ कौलावर पडायला लागले की रोज भांडण!

खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल खणावा. आपल्याकडच्या जांभ्या जमिनीत तळाशी सोडणे रचावीत. त्यांचा खोलगट भाग वर ठेवावा, म्हणजे त्यात पाणी धरून राहते. वर चांगली माती, रेती आणि कुजलेले शेणखत घालावे. पाऊस एकसारखा लागला की जूनमध्ये रोप लावावे. जिथे पाणी साचते तिथे मोठा पाऊस ओसरल्यावर लावलेले बरे.

आता महत्त्वाचे. रोप लावताना नारळ मातीने नुसता झाकला जाईल एवढेच खोल लावावे. मान मातीत गाडू नये. कारण अजून खोड नसते, म्हणून कोंब जमिनीलगतच असतो. पावसाने चिखल उडून पानांच्या बेचक्यात गेला की कोंब कुजतो. पहिल्या पावसाळ्यात मी दर रविवारी रोपांच्या बेचक्यातली माती धुऊन काढायचे. दुसरीच्या मुलीलासुद्धा जमेल असे हे काम आहे. वाऱ्याने रोप हलू नये म्हणून शेजारी काठी रोवून सैल बांधावे आणि पहिले दोन उन्हाळे झावळ्यांची सावली करावी.

पाणी आणि खत

माडाला सोटमूळ नसते. बुंध्यापासून दोरीसारखी हजारो मुळे चारी बाजूंना पसरतात. म्हणून पाणी आणि खत बुंध्याला चिकटवून टाकायचे नाही. मोठ्या माडाला बुंध्यापासून पाच-सहा फुटांपर्यंत गोल आळे करावे आणि त्यात सगळीकडे द्यावे.

लहान रोपाला पहिली दोन वर्षे कोरड्या दिवसांत दर चार दिवसांनी ४५ लिटर पाणी पुरते, म्हणजे साधारण तीन हंडे. मोठ्या माडाला दर चार दिवसांनी २०० लिटर लागते. रोजचे ५० लिटर झाले. आमच्या घरी न्हाणीचे पाणी पाटाने एका माडाकडे सोडले आहे. ज्यांची विहीर चैत्रात तळाला जाते त्यांनी आळ्यात सोडणे आणि सुक्या झावळ्या पसराव्यात. जमीन झाकली की ओल टिकते.

पाच वर्षांपुढच्या माडाचा वर्षाचा खुराक असा आहे :

शेणखत ५० किलो,
युरिया सव्वादोन किलो,
सिंगल सुपर फॉस्फेट ३ किलो,
म्युरेट ऑफ पोटॅश २ किलो.

शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये द्यावे. युरिया आणि पोटॅश यांचे तीन सारखे हप्ते करून जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत द्यावेत. पहिल्या वर्षी रोपाला याचा पाचवा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन हिस्से, असे वाढवत पाचव्या वर्षी पूर्ण द्यावे. खत दिल्यावर पाणी पाहिजेच.

आपल्याकडे माडाच्या आळ्यात मीठ घालायची जुनी रीत आहे. ती अगदीच खुळी नाही. मिठात क्लोरीन असतो आणि तो माडाला लागतो. पण नुसते मीठ टाकून खत टाकल्यासारखे होत नाही. “मीठ घातलं की झालं” असे म्हणणाऱ्यांनी आपण स्वतः नुसत्या मिठावर जेवून बघावे!

माडांच्या मधल्या जागेत अळू, हळद, केळ, अननस होतात. मोठ्या माडाच्या खोडावर मिरीचा वेल चढवता येतो. त्यांना घातलेले पाणी आणि खत माडालाही मिळते.

शेंड्याचे शत्रू

पहिला शत्रू : गेंड्या भुंगा. हा काळा, दीड-दोन इंच लांब असतो. याच्या डोक्यावर गेंड्यासारखे शिंग असते म्हणून हे नाव. दिवसा तो लपून असतो आणि रात्री उडतो. दिव्यावर आलेला तुम्ही पाहिला असेल. हा भुंगा मिटलेली सुई पोखरत आत जातो. सुई मिटलेली असते तोवर बाहेरून फारसे कळत नाही. ती उलगडली की झावळी कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते, जसा आपण पताकेसाठी घोटीव कागद घडी घालून कापतो तशी. मोठा माड दोन-चार झावळ्या गेल्या तरी सोसतो. लहान माडाच्या कोंबापर्यंत भुंगा पोचला तर माड मरतो.

उपाय असा. बेचक्यात भोक आणि बाहेर आलेला ओला चोथा दिसला की तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढावा. मग वरच्या दोन-तीन बेचक्यांत निंबोळी पेंडीची पूड आणि रेती सारखी मिसळून भरावी, एका माडाला पाव किलो पेंड पुरते. वर्षातून तीन वेळा, मे, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये हे करावे. काही जण पेंडीऐवजी बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर रेती घालतात. त्या दर दीड महिन्याने बदलाव्या लागतात. डांबरगोळ्यांना आपण मुलांनी हात लावायचा नाही.

दुसरा शत्रू : सोंड्या भुंगा. हा तांबूस असतो आणि याला पुढे सोंड असते. हा माडाच्या जखमेत अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेरून माड हिरवागार दिसतो आणि एक दिवस शेंडा कलंडतो. खोडावर बारीक भोके, तपकिरी रस आणि चघळल्यासारखा चोथा दिसला तर संशय घ्यावा. शांत वेळी खोडाला कान लावला तर अळ्या कुरतडल्याचा आवाज ऐकू येतो. लगेच कृषी सहाय्यकांना बोलवावे. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे माडाला जखम होऊच न देणे.

तिसरा शत्रू : कोंब कुजणे. हा बुरशीचा रोग पावसाळ्यात येतो. मधली सुई कोमेजते, हाताने ओढली तर उपटून येते आणि घाण वास सुटतो. लवकर ध्यानात आले तर कुजलेला भाग खरवडून काढून तिथे बोर्डो पेस्ट लावतात आणि पाऊस आत जाऊ नये असे झाकतात. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी यांची ही पेस्ट होते. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये, मातीचे किंवा प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे. हे काम मोठ्या माणसांचे.

चौथा शत्रू : माणूस! हो, आपणच. मांडवाला झावळ्या पाहिजेत म्हणून आपण हिरव्या झावळ्या खोडालगत सपासप तोडतो. चढायला सोपे जावे म्हणून खोडात खाचा पाडतो. त्या खाचांत पाणी साठते आणि सोंड्या भुंग्याला आयते घर मिळते. कपडे वाळत घालायची तार बांधायला खिळे ठोकतो. हे सगळे घाव बुजत नाहीत हे वर सांगितलेच आहे. झावळी काढायचीच असेल तर खालची सुकत आलेली काढावी. हिरवी काढायची वेळ आली तर खोडाला तीन फूट देठ ठेवून कापावी. चढायला खाचांऐवजी शिडी घ्यावी. माडावर चढायचे यंत्रही आता मिळते.

भुंगे येतात कुठून?

आता मी मुख्य गोष्टीकडे येते.

२०२१ च्या जूनमध्ये आम्ही वादळात गेलेल्या माडांच्या जागी आठ रोपे लावली. त्यातली दोन २०२३ मध्ये गेंड्या भुंग्याने खाल्ली. सहा राहिली. पूर्वी चौदा माडांचे मिळून वर्षाला हजारावर नारळ निघत. आता तीन मोठ्या माडांचे अडीचशेसुद्धा पुरते निघत नाहीत. मुंबईचे काका म्हणतात, “रोपं अशीच मरत राहिली तर आगर धरून काय उपयोग? पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधू, पैसा तरी येईल.” काकांचे चुकते असे मी म्हणत नाही. किनाऱ्याने बऱ्याच जणांनी तसे केले आहे. पण आजोबा म्हणाले, “अजून दोन वर्षं द्या. तोवर ही सहा पोरं फळायच्या वाटेला लागतील.” तेव्हा काकांनी दोन वर्षे कबूल केली आहेत. आमच्या आगराचे काय होणार हे त्या सहा शेंड्यांवर आहे.

यंदा श्रावणात त्यातल्या एका माडाची झावळी कातरलेली निघाली. आजोबांनी आकड्याने भुंगा काढला. पण तो भुंगा आला कुठून? गेंड्या भुंगा माडावर अंडी घालत नाही. माडावर तो फक्त जेवायला येतो. अंडी घालतो ती कुजलेल्या शेणखतात, उकिरड्यात आणि कुजलेल्या खोडात. तिथे त्याच्या पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या काही महिने वाढतात आणि मग नवे भुंगे उडतात.

आणि कुजलेली खोडे आपल्या गावात कुठे आहेत? पऱ्ह्याच्या कडेला! वादळात पडलेले माड ओढून आपण तिथेच टाकले होते. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी आजोबांबरोबर तिथे गेलो. आजोबांनी एक खोड पहारीने फोडले. आत अंगठ्याएवढ्या जाड अळ्या! आम्ही मोजल्या, सत्तेचाळीस निघाल्या. त्या टोपलीत भरून कोंबड्यांना घातल्या. कोंबड्यांनी एक शिल्लक ठेवली नाही. पण तशी खोडे तिथे अजून पुष्कळ आहेत. म्हणजे जुने मेलेले माड नव्या माडांना खात आहेत असेच झाले की नाही?

भुंग्याला कुंपण कळत नाही. आमच्या बेचक्यात पेंड आणि रेती भरली तरी शेजारच्या उकिरड्यातला भुंगा येणारच, आणि आमच्या उकिरड्यातला त्यांच्याकडे जाणार. एका घराने निगा करून भागत नाही, सगळ्या वाडीने करावी लागते.

पालकांना विनंती

म्हणून शाळेत आलेल्या सर्व पालकांना मी हात जोडून विनंती करते :

१. पडलेल्या माडांची कुजकी खोडे आणि बुंधे फोडून जाळावीत किंवा उन्हात पुरते वाळवून सरपण करावे. पऱ्ह्याकडची खोडे सगळ्यांची आहेत, ती सगळ्यांनी मिळून हलवावीत.
२. शेणखताचा खड्डा तीन-चार महिन्यांनी उपसावा. अळ्या दिसतील त्या वेचून कोंबड्यांना घालाव्यात.
३. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी या अळ्यांना मारते. ती खड्ड्यात कशी आणि किती मिसळायची हे कृषी सहाय्यक दाखवतात. सगळ्या खड्ड्यांत एकाच वेळी घातली तर उपयोग मोठा.
४. ज्याच्या आगरात माड मेला असेल त्याने तो उभाच कुजू देऊ नये.

मुलांनो, आपल्यालाही काम आहे. आठवड्यातून एकदा घरच्या प्रत्येक लहान माडाची मधली सुई बघायची. ताठ आहे का, कातरलेली आहे का, बेचक्यात चोथा आहे का, एवढेच वहीत लिहायचे आणि काही वेगळे दिसले तर घरी सांगायचे. खड्डा उपसायचा असेल त्या दिवशी आम्हा सातवीच्या मुलामुलींना हाक मारा. आम्ही टोपल्या घेऊन येऊ. अळ्या वेचायला आम्हाला किळस येत नाही!

ज्या माडातून श्रावणात भुंगा काढला त्याची नवी सुई आता हातभर वर आली आहे. ती अजून मिटलेली आहे. उलगडली की कळेल, अखंड निघते की कातरलेली. मी रोज सकाळी शाळेत येण्याआधी बघते.

इथे माझा लेख पुरा करते.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी